सिगारेटखालची पाटी: १०० सेकंदांच्या इशाऱ्याची समीक्षा

सिनेमाच्या तिकिटात एक गोष्ट न मागता मिळते. सुरुवातीला किमान ३० सेकंदांचा तंबाखूविरोधी संदेश, जोडीला किमान २० सेकंदांचं दुष्परिणाम सांगणारं निवेदन, मध्यंतरानंतर पुन्हा हीच जोडी. शिवाय पडद्यावर कुणी झुरके मारत असेल किंवा तळहातावर तंबाखू मळत असेल, तितका वेळ खाली एक पाटी. पाटी सोडून हिशेब केला तर १०० सेकंद, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमात एक टक्क्याहून किंचित जास्त. थिएटर आणि टीव्हीला हा नियम २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू आहे, ओटीटीला १ सप्टेंबर २०२३ पासून. मिक्सरचं भांडं गळलं तरी लोक दोन परिच्छेद लिहून तारे कापतात, पण इतकी वर्षं घरोघरी पोचलेल्या या सेवेला कुणी गुण दिलेले दिसत नाहीत. इथे कसोटी एकच ठेवली आहे: बारा ते सोळा वयाच्या, अजून सिगारेट न ओढलेल्या मुलाला याचा उपयोग होतो का? मोठ्यांचा रसभंग होतो का, हा वेगळा प्रश्न, त्याकडे जाता जाता बघू.

आधी सामना कशाशी आहे ते. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अमेरिकन अभ्यास छापून आला. १० ते १४ वयाच्या, कधीही सिगारेट न ओढलेल्या २,६०३ मुलांवर एक-दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. सिनेमातली सिगारेट सर्वांत जास्त पाहिलेल्या एक चतुर्थांश मुलांमध्ये सिगारेट सुरू करण्याचं प्रमाण सर्वांत कमी पाहिलेल्या एक चतुर्थांशाच्या सुमारे २.७ पट निघालं. पालकांची सवय, मित्र, स्वभाव हे सगळं वजा केल्यानंतरचा हा आकडा. त्यातला जास्त बोचरा तपशील पुढे आहे: ज्यांचे आईवडील सिगारेट ओढत नाहीत, त्या मुलांवर पडद्याचा परिणाम अधिक होता. ‘आमच्या घरात सुपारीचं खांडही येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. घरात धूर असला की मुलाला त्याचा वास, खोकला, पिवळी बोटं, टपरीवरची उधारी सगळं दिसतं. घरात नसला की सिगारेटची ओळख पडद्यावरच होते, आणि तिथे वास नसतो. दिल्लीतल्या १२ शाळांमधल्या ३,९५६ मुलांच्या पाहणीतही हिंदी सिनेमातला तंबाखू जास्त पाहिलेल्यांमध्ये तंबाखू चाखून पाहिल्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. २०१२ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या, अहवालाने तर पडद्यावरचं धूम्रपान आणि मुलांनी सिगारेटला हात लावणं यांत कार्यकारणसंबंध असल्याचं स्पष्टच लिहिलं.

हे कसं घडतं, तेही बघण्यासारखं आहे. सिगारेट ही नटाची सोय असते. हाताला काम मिळतं, दोन संवादांमधली शांतता भरून निघते, मागून दिवा मारला की धूर चमकतो आणि साधा क्लोजअप देखणा होतो. दिग्दर्शकाला ‘हा माणूस कुणाची पर्वा करत नाही’ हे सांगायला पाच पानं लिहावी लागली असती, तिथे काडी पेटवून भागतं. चौदा वर्षांच्या मुलाला नेमकी तीच गोष्ट हवी असते, कुणाची पर्वा न करता येणं. त्यामुळे त्याच्या डोक्यात ‘सिगारेट चांगली असते’ असं काही शिरत नाही. शिरतं ते ‘असा माणूस सिगारेट ओढतो’. सरकारी पॅकेजचे तीन तुकडे या दुसऱ्या वाक्याला किती धक्का लावतात, त्यावर त्यांचे गुण.

पहिला तुकडा, ३० सेकंदांचा संदेश. पाचपैकी चार. सगळ्या पॅकेजमध्ये हाच खरा चालणारा भाग आहे आणि त्यामागे पुरावाही आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात नववीच्या मुलांना धूम्रपानाची दृश्यं असलेला सिनेमा दाखवला. ज्यांना सुरुवातीला तंबाखूविरोधी जाहिरात दाखवली होती, त्यांच्यावर त्या दृश्यांचं आकर्षण चढलं नाही, बाकीच्यांवर चढलं. लस आधी टोचायची असते, ताप आल्यावर नाही, तसंच हे. म्हणून संदेश सुरुवातीला असणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच थिएटरातली एक साधी अडचण त्याची अर्धी ताकद काढून घेते: तो सुरू होतो तेव्हा दिवे मंद झालेले असतात, पूर्ण विझलेले नसतात, आणि पोरांचं टोळकं पॉपकॉर्नचे टब सांभाळत ‘जी-१२ कुठाय’ करत रांगेतून सरकत असतं. मध्यंतरानंतरचा तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतानाच संपतो. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिकिटावरच्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बसून घ्यावं. फुकट मिळणारी लस त्याशिवाय पदरात पडत नाही.

संदेशांमध्येही डावं-उजवं आहे. सर्वांत प्रभावी ठरला तो मुकेश हराणेचा. भुसावळचा मुलगा, तोंडाचा कर्करोग, २००९ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २४व्या वर्षी मृत्यू. नाकात नळी असलेला तो स्वतःच बोलतो, वर्षभरच गुटखा खाल्ल्याचं सांगतो. त्यात उपदेश नाही, डॉक्टर नाही, आकडे नाहीत. पाहणाऱ्या पोराला त्याच्यात आपल्या वयाचा, आपल्यासारख्या गावातला कुणीतरी दिसतो, आणि ‘असा माणूस तंबाखू खातो’ या चित्राच्या जागी दुसरं चित्र बसतं. सोबतचा स्पंजाचा संदेश मूळ ऑस्ट्रेलियातला: फुप्फुसं म्हणजे स्पंज, तो पिळून काळं डांबर काचेच्या भांड्यात. धडा म्हणून चोख, पण सोळा वर्षांच्या पोराला डांबर चाळिशीनंतरचं वाटतं.

मुकेशच्या संदेशाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर प्रत्येक खेळाला दोनदा तेच तीस सेकंद, त्यामुळे त्याच्या आवाजाच्या नकला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोचल्या. पोरं निर्दय असतात असं नाही. हसून टाकणं हा भीती बाजूला सारायचा जुना मार्ग आहे. दोष संदेशाचा नव्हता, न बदलण्याचा होता. ऑक्टोबर २०१३ पासून ‘चाइल्ड’ आणि ‘धुआँ’ हे नवे संदेश आले. छोट्या मुलीकडे पाहून बाप सिगारेट विझवतो, तो संदेश बनवलाय छान, पण तो बापाशी बोलतो. चौदा वर्षांच्या मुलाला त्यात स्वतःची जागा सापडत नाही. संदेश दर काही महिन्यांनी बदलत राहिले आणि त्यातला निम्मा वाटा विशीच्या आतल्या खऱ्या माणसांना मिळाला, तर कापलेला एक गुणही परत देता येईल.

दुसरा तुकडा म्हणजे २० सेकंदांचं निवेदन. पाचपैकी दोन, तेही उदार मनाने. सपाट आवाजात रोगांची यादी. संदेशाने जे हृदयाला लावलं ते हे निवेदन परीक्षेच्या उत्तरात बदलून टाकतं. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

तिसरा तुकडा, पाटी. दीड गुण. नियम काय म्हणतो ते आधी पाहा: पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी, ठळक, वाचता येणारी अक्षरं, मजकूर ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ किंवा ‘तंबाखू जीव घेते’ अशा अर्थाचा, भाषा सिनेमाचीच. आता कुठलाही सिनेमा लावून तपासा. बहुतेक वेळा पांढरी पट्टी नसतेच, पारदर्शक, बारीक पांढरी अक्षरं उजव्या कोपऱ्यात तरंगत असतात. दृश्य दिवसाचं असलं, मागे पांढरा सदरा किंवा आभाळ आलं, की अक्षरं गायब. मजकूरही पुष्कळदा ‘धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे’ हा जुना, घासून गुळगुळीत झालेला. ‘हानिकारक’ आणि ‘कर्करोग’ या दोन शब्दांच्या वजनात फरक आहे, आणि ‘धूम्रपान’ या शब्दात तंबाखू मळणारा पाटील बसत नाही.

दुसरी गडबड वेळेची. पाटी शॉटनुसार येते-जाते. सिगारेट ओढणाऱ्याचा क्लोजअप, पाटी आली. समोरच्याचा शॉट, गेली. परत क्लोजअप, परत आली. दोन मिनिटांच्या संभाषणात ती दहा वेळा लुकलुकते. माणसाची नजर हलणाऱ्या गोष्टीकडे जाते, त्यामुळे कोपऱ्यातल्या ॲशट्रेमधलं जे थोटूक कुणी पाहिलंही नसतं, तेही पाटी बोट दाखवून दाखवते. इथे सिनेमावाल्यांची तक्रार रास्त आहे. अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलननी २०१३ साली ‘ब्लू जॅस्मिन’ भारतात दाखवायला नकार दिला तो या इशाऱ्यांमुळेच, आणि अनुराग कश्यप ‘अग्ली’साठी मुंबई उच्च न्यायालयात गेले तेही यावरूनच. पण पाटी वाईट आहे म्हणून सगळं पॅकेजच नको, ही उडी चुकीची. पाटी दृश्य संपेपर्यंत एकाच जागी स्थिर ठेवली, तरी निम्मी कटकट संपते.

टीव्हीवाल्यांचा तोडगा याहून मजेशीर. काही वाहिन्या सिगारेटच पुसट करतात. हिरोच्या ओठांपाशी एक धुकट चौकोन हलत राहतो, आणि सहा वर्षांचं पोरही विचारतं, ‘तिथे काय लपवलंय?’ हा प्रकार कुठल्याही गुणांच्या पलीकडचा.

ओटीटीवर नियम तोच: सुरुवातीचा नि मधला संदेश, निवेदन, पाटी, शिवाय ब्रँड दाखवायचा नाही आणि प्रसिद्धीच्या साहित्यात तंबाखूचा वापर दाखवायचा नाही. कागदावर चोख आहे. अडचण अशी की हा नियम थिएटरच्या मोजमापाने शिवलाय. थिएटरात मध्यंतर असतं, ओटीटीवर ‘मध्य’ म्हणजे कथेला घातलेली कात्री. थिएटरात दार बंद असतं, इथे अंगठ्याखाली पुढे सरकवायची पट्टी. सबटायटल लावली की तीही खालीच, मग सहा इंचांच्या पडद्यावर पाटी आणि संवाद एकमेकांना ढकलतात. आणि सर्वांत मोठं भगदाड ओटीटीच्याही बाहेर आहे. आजचं चौदा वर्षांचं मूल अख्खा सिनेमा कमीच पाहतं, ते रील पाहतं. आडव्या चौकटीची उभी रील कापली की रुंदीचा एक तृतीयांशाहून कमी भाग उरतो, तोही मधला. उजव्या कोपऱ्यातली पाटी कात्रीत जाते. उरतो हिरो, धूर, संथ केलेली चाल आणि खालून वाढवलेलं संगीत. शंभर सेकंदांतला एकही सेकंद त्या क्लिपसोबत प्रवास करत नाही. पूर्ण इशाऱ्यासह बनलेला सिनेमा पंधरा सेकंदांच्या बिनइशाऱ्याच्या जाहिरातीत बदलतो, आणि ती चाहतेच फुकट पसरवतात. या बाबतीत पॅकेजला शून्य.

मग बंदीच का नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: ते करून झालंय. ३१ मे २००५ रोजी आरोग्य मंत्रालयाने पडद्यावरच्या धूम्रपानावर सरसकट बंदीची अधिसूचना काढली. महेश भट्ट न्यायालयात गेले आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. आजचं इशाऱ्यांचं पॅकेज हे त्या पराभवानंतरचं तडजोडीचं अपत्य आहे, म्हणून त्याची शिवण जागोजाग दिसते.

महाराष्ट्रासाठी एक खास उणीव. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न मळलेली तंबाखू, मिश्री, मावा, गुटखा हा आहे, सिगारेट नंतर. सिगारेट पेटली की पाटी लगेच येते. पण ग्रामीण विनोदी सिनेमात दोन म्हातारे चंची काढून, चुना लावून, थाप मारून एकमेकांना चिमूट देतात, तेव्हा ते मैत्रीचं, मातीचं, आपुलकीचं दृश्य म्हणून डोळ्यांत भरतं, आणि पाटी आली तरी ‘धूम्रपान’ म्हणत येते. त्याच थिएटरात संदेश संपला की पुढची जाहिरात एखाद्या वेलचीची किंवा पानमसाल्याची, मोठ्या नटासकट. उत्पादनात तंबाखू नाही, नाव मात्र ओळखीचं. मुकेशने तीस सेकंदांत जे कमावलं ते पुढच्या वीस सेकंदांत खर्च होतं. ई-सिगारेटचंही तसंच: २०१९ च्या कायद्याने तिची विक्री बंद आहे, पण पॅकेजचे शब्द तंबाखूपाशी थांबतात, आणि गोड वासाची ती नळी पोरांना तंबाखू वाटतच नाही.

आता पॅकेजच्या भरवशावर न राहता घरी काय करता येतं ते. ओटीटीवर मुलाचं प्रोफाइल वेगळं करा आणि वयाची पायरी निवडा: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+, ए. २०२१ च्या नियमांनुसार यू/ए १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांचं कुलूप देणं प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन पिन टाका, आणि मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावा. हे दुसरं बहुतेक जण विसरतात आणि मूल सरळ बाबांच्या प्रोफाइलमध्ये शिरतं. पण कुलपावर फार विसंबू नका. २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरताना आढळली, आणि विडी ओढून पाहिलेल्यांतल्या ४७ टक्क्यांनी ती दहा वर्षांची होण्याआधीच ओढली होती. तेराची पायरी यायच्या आत निम्मा खेळ झालेला असतो. म्हणून सोबत बसून पाहणं आणि दृश्य चालू असताना एक वाक्य टाकणं हाच उपाय उरतो. व्याख्यान नको. ‘हे त्याच्या हातात कशाला दिलं असेल?’ एवढा प्रश्न पुरतो. मूल दिग्दर्शकाच्या जागी उभं राहून उत्तर शोधायला लागलं की धुराची जादू उतरते, कारण सिगारेट ही युक्ती आहे हे त्याला स्वतःलाच सापडतं.

लघुपट करणाऱ्या पोरांसाठीही थोडं. संकलन संपल्यावर तंबाखू दिसणाऱ्या शॉट्सची वेळेसकट यादी करा. ॲशट्रे, कानावर ठेवलेली विडी, भिंतीवरची जुनी जाहिरात, सगळं त्यात घ्या. सेटवर वनस्पतींची, बिननिकोटिनची सिगारेट वापरली तरी सूट नाही, प्रेक्षकाला दिसते ती सिगारेटच. तिच्या धुरातही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे वीस टेक घेऊन नटाला घेरी आली तर आश्चर्य नको. पाकिटाचं नाव पुसा. पाटी पांढऱ्या पट्टीवर, काळ्या अक्षरांत, उजव्या कोपऱ्याऐवजी खाली मध्यभागी ठेवा, सबटायटल तिच्या वर उचला. मग रील कापली तरी तिचा मधला भाग टिकतो. पोस्टरवर सिगारेट नको. २०१८ मध्ये ‘सरकार’ या तमिळ सिनेमाच्या पहिल्या पोस्टरवर विजयच्या तोंडात सिगारेट होती, तमिळनाडूच्या आरोग्य खात्याची नोटीस आली आणि पोस्टर उतरवावं लागलं.

पॅकेजमध्ये सर्वांत कमी वेळ मिळणारी आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक फोन नंबर: १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी, फोन मोफत. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो पाकिटांवरही असतो. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून ती चालते आणि टाटा स्मारकाचं केंद्रही जोडलेलं असल्याने मराठीत बोलता येतं. पाचपैकी चार गुण. लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवल्या तर संभाषण नेमकं होतं: दिवसाला किती, उठल्यापासून किती मिनिटांत पहिली, आणि याआधी सोडली तेव्हा कशामुळे परत सुरू झाली. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर ओढ घट्ट आहे असं समजतात. समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवायला लावतात आणि पुढे स्वतःहून फोन करतात. हा पाठपुरावाच या सेवेचा कणा आहे, कारण पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि चिडचिड, झोपमोड ओसरायला दोन ते चार आठवडे लागतात. तल्लफ मात्र एका वेळी काही मिनिटंच टिकते, तेवढी टाळता येते. निकोटिन गम घेणाऱ्या प्रौढांची नेहमीची चूक म्हणजे तो चुईंगमसारखा चघळत राहणं, मग उचकी, मळमळ आणि ‘हे काही सोसत नाही’ असा निकाल. तो थोडा चावून, चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा असतो, आणि आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. अठराच्या आतल्या मुलांना तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

एक गुण कापला तो वेळेसाठी. मदतवाहिनी मंगळवार ते रविवार सकाळी ८ ते रात्री ८ चालते, सोमवारी बंद. रविवारी रात्रीचा शेवटचा खेळ पाहून कुणी ठरवलंच, तर त्याला मंगळवारी सकाळपर्यंत स्वतःच तग धरावा लागतो.